संदर्भ तपासायचेच नसतील, तर छापता कशाला? शोधनियतकालिकांच्या संपादक मंडळांना खुले पत्र

सन्माननीय संपादक आणि मंडळ सदस्यहो,

स. न. वि. वि.

ज्या नियतकालिकासाठी मी बरीच वर्षे मुद्रणपूर्व तपासणीचे काम करते, त्याच्या संपादक मंडळाने नुकताच एक निर्णय घेतला. यापुढे स्वीकारलेल्या शोधनिबंधांची संदर्भसूची तपासायची नाही. संदर्भ बरोबर आहेत की नाहीत, ही जबाबदारी सर्वस्वी लेखकाची. नियतकालिक फक्त सिमिलॅरिटी रिपोर्ट काढेल, म्हणजे निबंधाचे शब्द आधीच्या लिखाणाशी किती टक्के जुळतात याचा सॉफ्टवेअरने दिलेला अहवाल. साम्य ठरवून दिलेल्या टक्क्यांच्या आत असले की निबंध पुढे जाईल. कारण वेळेचे दिले आहे. स्वीकृतीपासून प्रसिद्धीपर्यंतचा काळ कमी करायचा आहे आणि संदर्भांत फार दिवस मोडतात, असे मंडळाचे म्हणणे.

नियतकालिकाचे नाव मी घेत नाही, कारण भांडण त्या एका मंडळाशी नाही. त्यांनी निदान ठराव केला, लेखी कळवले. अनेक ठिकाणी हेच कुणाला न सांगता चालू आहे. म्हणून हे पत्र शोधनिबंध छापणाऱ्या सगळ्याच मंडळांना, आणि उघडपणे. तुमच्या अंकांवर भरवसा ठेवून जे पुढचे संशोधन करतात, औषधे लिहून देतात, धोरणे आखतात, त्यांच्याही कानावर हे गेले पाहिजे.

यात माझा स्वार्थ आहे, तो आधीच सांगते. संदर्भ तपासणे हे माझे पोटापाण्याचे काम आहे. ते बंद झाले तर माझी मिळकत घटेल. तेवढे वजा करून पुढचे वाचा.

बऱ्याच संपादकांचा असा समज आहे, की आम्ही दिवसभर स्वल्पविराम आणि तिरकी अक्षरे बघत असतो. तेही बघतो, पण त्याला फारसे महत्त्व नाही. लेखकाचे नाव आणि साल मजकुरातच देण्याची पद्धत एडवर्ड लॉरेन्स मार्क या प्राणिशास्त्रज्ञाने १८८१ मध्ये एका गोगलगायीवरच्या निबंधात वापरली. आकडे टाकून शेवटी यादी देण्याची वैद्यकीय नियतकालिकांची पद्धत १९७८ साली व्हँकूव्हरला भरलेल्या संपादकांच्या बैठकीतून रुळली. यातली कुठलीही वापरा. माझा प्रश्न वेगळाच असतो : इथे ज्याचे नाव घेतले आहे, तो खरोखर असे म्हणाला आहे का?

एक उदाहरण देते. अलीकडे माझ्याकडे आलेल्या एका निबंधात साधे वाक्य होते : अपुऱ्या झोपेमुळे शाळकरी मुलांची स्मरणशक्ती खालावते, हे अनेक अभ्यासांतून सिद्ध झाले आहे. पुढे कंसात चार संदर्भ. वाक्य पटण्यासारखे आहे, खरेही असू शकेल. चारही निबंध काढून बसले. पहिला निघाला रात्रपाळी करणाऱ्या प्रौढांवरचा. त्यात मुले औषधालाही नाहीत. दुसरे होते एका अंकाचे संपादकीय, म्हणजे मत. मोजमाप काहीच नाही. तिसरा आढाव्याचा लेख, म्हणजे इतरांच्या अभ्यासांचा गोषवारा, आणि त्यात मुलांविषयी जे एकच वाक्य होते त्याला आधार दिला होता तो त्या पहिल्याच निबंधाचा. चौथ्याचे नियतकालिक खरे, खंड खरा, पण त्या पानांवर भलताच लेख. सांगितलेला निबंध कुठेच सापडला नाही. लेखकाला विचारले तेव्हा कळले, की ही चौकडी त्यांनी दुसऱ्याच्या निबंधातून जशीच्या तशी उचलली होती. या निबंधाचा सिमिलॅरिटी रिपोर्ट स्वच्छ होता. छापण्याआधी निबंध पारखणाऱ्या तज्ज्ञांपैकी, म्हणजे समीक्षकांपैकी, एकाने तर संदर्भ भरपूर असल्याबद्दल शाबासकी दिली होती.

नव्या निर्णयानुसार हे वाक्य जसेच्या तसे छापून आले असते. पुढचा कोणी तिथून ते उचलेल, आणि मग त्यामागे या निबंधासह पाच संदर्भ उभे राहतील.

आता तक्रारी सांगते.

पहिली तक्रार त्या टक्क्यांची. सॉफ्टवेअर जुळणारे शब्द शोधते. संदर्भ खरा आहे का, हे त्याला कळत नाही आणि ते तसा दावाही करत नाही. त्यावरून निबंधाचा प्रामाणिकपणा ठरवणे म्हणजे वजनकाट्यावर उभे करून ताप मोजण्यासारखे आहे. उलट या टक्क्यांमुळे नुकसानच होते. एखाद्याने मूळ लेखकाचे वाक्य अवतरणचिन्हांत, पान क्रमांकासह, अक्षर न बदलता दिले तर साम्य वाढते. तेच वाक्य शब्द फिरवून, चिन्हे काढून, नाव गाळून लिहिले तर साम्य उतरते. म्हणजे सरळ वागणाऱ्याला दंड आणि हातचलाखी करणाऱ्याला बक्षीस. नवे संशोधक हे फार लवकर शिकतात. ‘टक्के कमी करून द्या’ अशी विनंती घेऊन ते माझ्याकडे येतात. ‘संदर्भ नीट आहेत ना बघा’ म्हणत येणारा विरळाच. कल्पित संदर्भ कशाशीच जुळत नसल्यामुळे तुमच्या रिपोर्टात तो सर्वांत निर्मळ दिसतो, हे मंडळाच्या बैठकीत कुणीच कसे बोलले नाही?

दुसरी तक्रार न वाचता संदर्भ देण्याची, आणि इथे मी जरा थांबणार आहे. मिखाईल सिमकिन आणि वाणी रॉयचौधुरी या दोघांनी २००३ मध्ये एक गमतीशीर पण झोंबणारा हिशेब मांडला. एका गाजलेल्या निबंधाला तेव्हा सुमारे ४३०० ठिकाणी उद्धृत केलेले होते. त्यातल्या १९६ ठिकाणी खंड, पान किंवा साल चुकलेले होते; पण वेगवेगळ्या चुका होत्या फक्त ४५. पान क्रमांकाची एकच चूक ७८ जणांनी केली होती. इतक्या जणांच्या हातून स्वतंत्रपणे तीच चूक होत नाही; ती एकमेकांच्या यादीतून उतरते. त्यावरून त्यांनी अंदाज बांधला, की उद्धृत करणाऱ्यांपैकी जेमतेम २० टक्के लोक मूळ निबंध वाचत असावेत. कुणी म्हणेल, मूळ वाचूनही यादी दुसरीकडून उतरवता येते, आणि ते खरे आहे. पण मग पुढचे बघा. एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने लेखकांना यादी कशी लिहावी हे दाखवण्यासाठी नमुन्यादाखल एक संदर्भ दिला होता : व्हॅन डर गीर आणि इतर दोघे, साल २०००, शास्त्रीय लेख लिहिण्याच्या कलेबद्दल. असा निबंध नाही, असे नियतकालिकही नाही. तरी तो जवळपास ४०० निबंधांत उद्धृत झाल्याचे अ‍ॅन-विल हार्झिंग यांनी २०१७ मध्ये जगापुढे आणले. बहुतेक जण नमुन्यातली ओळ पुसायला विसरले असणार, दुसरे काही नाही. पण त्या प्रत्येक निबंधामागे संपादक होता, समीक्षक होते, आणि यादी वरपासून खालपर्यंत एकदा नजरेखालून घालण्याचे काम त्यांतल्या कुणीच केले नाही.

इथपर्यंत हसून सोडता येईल. पुढचे सोडता येत नाही. १० जानेवारी १९८० रोजी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचे पाच वाक्यांचे पत्र छापून आले. इस्पितळात दाखल असलेल्या ज्या ११,८८२ रुग्णांना अफूवर्गीय वेदनाशामक दिले गेले, त्यांच्यापैकी व्यसनाचा पूर्वेतिहास नसलेल्या केवळ चौघांत व्यसनाची नीट नोंद सापडली, एवढेच ते पत्र सांगत होते. घरी महिनोन् महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्यात अवाक्षर नव्हते. पण पुढच्या निबंधांत या पाच ओळींचा ‘ध’चा ‘मा’ झाला : या औषधांनी व्यसन लागत नाही, हे सिद्ध आहे. २०१७ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी या पत्राचे ६०८ उल्लेख एकेक करून तपासले. ४३९ ठिकाणी ते व्यसन क्वचितच लागते याचा पुरावा म्हणून वापरले होते. हे रुग्ण इस्पितळात दाखल होते, हे ४९१ उल्लेखांत सांगितलेच नव्हते. उत्तर अमेरिकेत या औषधांच्या व्यसनाने पुढे काय हाहाकार माजवला ते सर्वांना ठाऊक आहे. त्याची कारणे अनेक. औषध कंपन्यांचा प्रचार त्यात मोठा. पण त्या प्रचाराला शास्त्राची झूल चढली ती या चुकीच्या संदर्भांमुळे. पत्र पाच वाक्यांचे होते हो! वाचायला एक मिनिटही लागत नाही. ते मिनिट ना लेखकांनी दिले, ना समीक्षकांनी, ना तुम्ही.

तिसरी तक्रार सांगोवांगीची. पालकातल्या लोहाची गोष्ट सर्वांनी ऐकली असेल : कुणा जर्मन संशोधकाकडून दशांशचिन्ह चुकीच्या जागी पडले, लोह दहापट दिसले आणि पालकाचा उदोउदो झाला. १९८१ मध्ये टेरेन्स हॅम्ब्लिन यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ती सांगितली, आणि निष्काळजी संशोधन कसे महागात पडते याचा दाखला म्हणून ती पुढे निबंधानिबंधांत फिरली. माइक सटन यांनी २०१० मध्ये मुळाशी जाऊन शोधले, तर दशांशचिन्ह चुकल्याचा पुरावाच सापडेना. म्हणजे निष्काळजीपणाचा हा दाखलाच निष्काळजीपणे फिरत होता. ओले ब्योर्न रेक्दाल यांनी २०१४ मध्ये यावर अख्खा निबंध लिहिला. तो मी नव्या संपादन सहायकांना वाचायला देते, आणि त्यानंतर निदान आठवडाभर तरी ते प्रत्येक वाक्याकडे संशयाने बघतात.

पण या सांगोवांगीत लेखकांइतकाच दोष तुमच्या नियमांचा आहे. संदर्भ ३० च्या वर नकोत, ४० च्या वर नकोत, अशी मर्यादा अनेक नियतकालिके घालतात. मग लेखक काय करणार? दहा मूळ निबंधांऐवजी एका आढावा-लेखाचे नाव टाकतो. ज्यांनी प्रयोग केला त्यांचे नाव पुसले जाते आणि वाचक मूळ मोजमापापासून एक पायरी दूर जातो. कागद महाग होता तेव्हा हे समजू शकत होते. आज यादी पडद्यावर असते. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोत मांडल्या गेलेल्या संशोधन-मूल्यमापनाच्या जाहीरनाम्याने प्रकाशकांना नेमके हेच सांगितले, की संदर्भसंख्येवरची बंधने काढा किंवा सैल करा, आणि योग्य तिथे आढाव्याऐवजी मूळ निबंध उद्धृत करणे बंधनकारक करा. त्या जाहीरनाम्यावर अभिमानाने सही करणाऱ्या किती नियतकालिकांच्या सूचनांत अजून ती मर्यादा आहे, हे ज्याने त्याने आपले पान उघडून बघावे.

चौथी तक्रार मागे घेतलेल्या निबंधांची, म्हणजे छापल्यावर नियतकालिकाने रद्द ठरवलेल्यांची. लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा १९९८ चा निबंध लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला; तो गाजला म्हणून निदान माहीत तरी आहे. बाकीचे गुपचूप मागे घेतले जातात आणि जुन्या पीडीएफमधून जिवंत राहतात. लेखकाने ती फाइल रद्द होण्याआधी उतरवून ठेवलेली असते; त्याला कोण सांगणार? तुम्हीच सांगू शकता. अशा निबंधांवर लक्ष ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचने जमवलेली त्यांची यादी २०२३ पासून क्रॉसरेफ या निबंधांची नोंदणी करणाऱ्या संस्थेने सर्वांना मोफत खुली केली आहे. तपासणी यंत्राने होते. वेळेची सबब इथे चालत नाही.

पाचवी नवी आहे आणि तुमच्या निर्णयाची वेळ त्यामुळेच अनाकलनीय वाटते. भाषा लिहिणारी यंत्रे नोव्हेंबर २०२२ पासून सर्वांच्या हातात आली. ती संदर्भ मागितले की देतात. लेखकाचे नाव खरे वाटणारे, नियतकालिक ओळखीचे, साल योग्य, फक्त निबंध अस्तित्वात नसतो. विल्यम वॉल्टर्स आणि एस्थर वाइल्डर यांनी २०२३ मध्ये तपासले तेव्हा चॅटजीपीटीच्या जुन्या आवृत्तीने दिलेल्या संदर्भांपैकी ५५ टक्के आणि नव्या आवृत्तीने दिलेल्यांपैकी १८ टक्के बनावट निघाले. यंत्रे सुधारतील, आकडे बदलतील. पण खोटी नाणी बाजारात येऊ लागली असताना पारख करणाऱ्यालाच घरी बसवायचे, हा कुठला न्याय?

सहावी थोडक्यात, कारण ती सगळ्यांना माहीत असून कुणी बोलत नाही. ‘आमच्या नियतकालिकातले काही निबंध उद्धृत करा’ असे संपादक लेखकांना सुचवतात. समीक्षक आपलेच निबंध पुढे सरकवतात. २०१२ मध्ये अ‍ॅलन विल्हाइट आणि एरिक फाँग यांच्या सर्वेक्षणात सुमारे पाचांतल्या एका संशोधकाने संपादकांकडून असा दबाव अनुभवल्याचे सांगितले. लेखक नाही म्हणू शकत नाही. त्याचा निबंध तुमच्या हातात असतो. लेखकांना सचोटीचे धडे देताना हे विसरू नका.

‘जबाबदारी लेखकाची’ याला माझा विरोध नाही. ती लेखकाचीच आहे. पण आकडेवारीचीही जबाबदारी लेखकाचीच असते, तरी तुम्ही ती समीक्षकाला दाखवताच ना? मग पुराव्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागावरून हात का झटकता? आणि वाचक विश्वास ठेवतो तो अनोळखी लेखकावर नाही. वर छापलेल्या तुमच्या नियतकालिकाच्या नावावर.

वेळ लागतो, हे मात्र खरे आहे. तो कुठे लागतो हे रोज करणारी म्हणून सांगते. निबंध अस्तित्वात आहे का, त्याचा डीओआय (प्रत्येक निबंधाला मिळणारा कायमचा ओळख क्रमांक) जुळतो का, मागे घेतला आहे का, ही कामे यंत्र काही क्षणांत करते, आणि ती निबंध स्वीकारल्यावर नाही, समीक्षेला पाठवण्याआधीच व्हायला हवीत. माणूस लागतो तो ‘असे तो म्हणाला आहे का’ या एकाच प्रश्नासाठी, आणि तो सगळ्या यादीला विचारावा लागत नाही. बहुतेक निबंधांचा डोलारा मोजक्या चार-सहा संदर्भांवर उभा असतो. माझे बरेच दिवस खरे तर त्यातही जात नाहीत. ते जातात लेखकाने पान क्रमांक न दिल्यामुळे तीनशे पानांच्या ग्रंथात एक वाक्य शोधण्यात. तो वेळ तुम्हाला एका ओळीच्या नियमाने वाचवता येईल.

तेव्हा मागण्या अशा :

संदर्भ-तपासणी बंद करण्याचा निर्णय ज्यांनी ठरावाने घेतला त्यांनी तो ठरावाने मागे घ्यावा, आणि ज्यांनी न सांगता घेतला त्यांनी तो निदान कबूल करावा.

डीओआयची आणि मागे घेतलेल्या निबंधांची यांत्रिक तपासणी समीक्षेआधी करावी. सापडत नसलेल्या प्रत्येक संदर्भाची प्रत लेखकाकडून मागवावी; ती आली नाही तर निबंध पुढे जाऊ नये.

मुख्य निष्कर्ष ज्या संदर्भांवर टेकलेले आहेत ते लेखकानेच खूण करून द्यावेत, पान किंवा परिच्छेदासह. शब्दशः अवतरण नसेल तरीही. तेवढे संदर्भ मूळ मजकुराशी माणसाने ताडून पाहावेत. मूळ हाती न लागल्यामुळे दुसऱ्याच्या आधाराने लिहिले असेल तर तसे स्पष्ट लिहू द्यावे. त्यात कमीपणा मानू नये आणि समीक्षकांनाही तो मानू देऊ नये.

संदर्भांच्या संख्येवरची मर्यादा काढावी. साम्याच्या टक्क्यांचा उंबरठाही काढावा. रिपोर्ट कुणीतरी वाचावा आणि कुठले साम्य योग्य, कुठले चोरीचे, हे ठरवावे.

समीक्षकाने किंवा संपादकाने सुचवलेला प्रत्येक जास्तीचा संदर्भ कारणासह नोंदवला जावा आणि ती नोंद लेखकाला मिळावी.

चुकीचा संदर्भ वाचकाने कळवला तर त्याची दुरुस्ती छापावी. आज ‘निष्कर्ष बदलत नाही’ एवढे उत्तर देऊन अशी पत्रे बाजूला ठेवली जातात. पोर्टर-जिक यांच्या पत्रावर वाचकांना सावध करणारी टीप लागली ती २०१७ मध्ये, छापल्यानंतर ३७ वर्षांनी.

यातले काहीच जमण्यासारखे नसेल, तर शेवटची मागणी अगदी बिनखर्चाची आहे. प्रत्येक निबंधाच्या पहिल्या पानावर, शीर्षकाखाली, वाचता येईल अशा ठशात छापा : ‘या निबंधातील संदर्भ नियतकालिकाने तपासलेले नाहीत.’

कळावे,

आपली विश्वासू,
एक संदर्भ-तपासनीस